परदेशासोबतचा संयुक्त संशोधन प्रकल्प : आपल्या कॉलेजांचे अर्ज कुठे अडतात

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून गेलेले असे बरेच प्रस्ताव परत आलेले पाहिलेत. विज्ञान कच्चं म्हणून नाही, कागद अपुरा म्हणून. वाईट याचंच वाटतं.

पहिली अडचण अर्ज कोणी करायचा इथेच सुरू होते. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीएसटी, जपानची विज्ञान प्रोत्साहन संस्था जेएसपीएस किंवा जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था डाड यांच्याबरोबर संयुक्त प्रस्ताव मागवतो. तेव्हा एक नव्हे, दोन अर्ज लागतात : तुमचा डीएसटीकडे आणि तुमच्या जोडीदाराचा त्याच्या देशात. एका बाजूचा पोचला नाही तर दुसरा कितीही चांगला असो, विचारात घेतला जात नाही. आपले सर 'तिकडच्यांनी भरला असेल' म्हणून निवांत राहतात. असं करू नका. अर्ज दाखल झाल्याची पोच मागवून घ्या. प्रकल्पाचं शीर्षक आणि संशोधकांची नावं दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवीत. दोन देशांची अंतिम तारीख वेगळी असू शकते आणि वेळ तर वेगळी असतेच. जपानमध्ये संध्याकाळी पाचची मुदत म्हणजे आपल्याकडे दुपारचे दीड.

मुख्य संशोधक कायम पदावरचा लागतो. इथे मला राग येतो, कारण आपल्याकडे कित्येक विभाग सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकांच्या जिवावर चालतात, प्रयोगशाळेत खपतात तेच, आणि नियमात त्यांना जागा नाही. नियम बदलत नाही तोवर मार्ग एवढाच : कायम सहकाऱ्याला मुख्य संशोधक करा आणि तुमचं नाव चमूत बसतं का ते प्रस्ताव मागवणाऱ्या त्या वर्षीच्या सूचनेत बघा. मुख्य संशोधकाची निवृत्ती प्रकल्पाच्या मुदतीतच येत असेल तर तेही आधीच तपासा.

प्राचार्यांचं पत्र म्हणजे साधा ना हरकत दाखला नव्हे. सूचनेत मसुदा दिलेला असतो. तोच लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवा. संस्थाचालकांची सहीही लागणार असेल तर शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. खासगी संशोधन संस्थेला डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, मान्यता आहे का, हेही विचारलं जातं. बायोडेटा, शोधनिबंधांची यादी, ऑनलाइन नोंदणी हे सगळं नेहमीचंच.

पैशाबद्दल मोठा गैरसमज आहे. डाडबरोबरच्या योजनेत पैसा मुख्यतः जाण्या-येण्याला आणि मुक्कामाला असतो. त्यात डीएनएच्या प्रती वाढवणारं पीसीआर मशीन मागितलं की बजेट तिथेच बिघडतं. विमानभाडं कोणी द्यायचं, राहण्याचा खर्च कोणी, हे प्रत्येक सूचनेत नीट वाचा. उपकरणं आणि संशोधन सहायक हवे असतील तर फ्रेंच जोडीदार शोधून सेफिप्राकडे बघा. भारत-फ्रान्सचं हे संयुक्त केंद्र १९८७ पासून दिल्लीत आहे.

रावेर-यावलच्या केळीवरच्या रोगांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पानाचे किंवा कंदाचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. सरकारी मंजुरीच्या सहकार्य प्रकल्पांना त्यात सवलत आहे, पण प्रकल्प केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसला तरच. शंका असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला नमुने पाठवण्याआधी लेखी विचारा. शक्य असेल तर चाचणी इथेच करून फक्त निष्कर्षांची देवाणघेवाण होईल, अशीच कामाची वाटणी प्रस्तावात लिहा.