'याला येरवड्याला पाठवा' : मनाच्या आजाराला चिकटलेल्या भीतीची पार्श्वभूमी

पुण्यात कुणी जरा वेगळं वागलं की 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतात. मुंबईकडे तेच 'ठाण्याला भरती करा' होतं, कोकणात रत्नागिरीचं नाव निघतं. नागपुरात तर एका चौकाचंच नाव पागलखाना चौक पडलंय आणि रिक्षावालेही सहज तेच नाव घेतात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं नेमकी या चार शहरांत आहेत. हृदयविकारामुळे एखाद्या गावाच्या नावाची अशी शिवी झालेली मी तरी ऐकलेली नाही.

मनाच्या आजाराची लाज आपल्या रक्तातच आहे, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. या लाजेचा मोठा भाग भिंतींनी, कायद्याने आणि पोलिसांच्या फेऱ्यांनी घडवला आहे, आणि तो कसा घडला हे तारखांसकट दाखवता येतं.

इंग्रजांच्या आधीही आजार होतेच. लागीर, करणी, झपाटलंय, 'बाहेरचं' आहे, अशा शब्दांत त्यांची उकल व्हायची. यातला 'बाहेरचं' हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोष बाहेरून आला म्हटल्यावर त्या माणसावर किंवा त्याच्या घराण्यावर ठपका तेवढा कमी बसायचा. घरचे त्याला घेऊन उघडपणे देवळात, दर्ग्यात, देवऋषीकडे जायचे. तिथे जे व्हायचं ते मात्र अनेकदा भयंकर असे: साखळदंड, मारहाण, मिरचीची धुरी. हे सगळं जुन्या काळात संपलं असंही नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती, त्यांना पळताच आलं नाही. २८ जण गेले. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे. कायद्यात इतकं तपशिलाने लिहावं लागलं, यावरूनच हे किती सर्रास चालत होतं ते कळतं.

ब्रिटिश राजवटीने उपचारांच्या आधी बंदोबस्त आणला. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, त्याची जागा १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'ने घेतली. रस्त्यावर भटकणाऱ्या 'वेड्या'ला पोलिसाने पकडायचं, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने भिंतीआड पाठवायचं, हा त्याचा गाभा. घरच्या माणसाला दाखल करायचं तरी बहुतेक वेळा वाट कोर्टावरूनच जायची. आता विचार करा, ज्या आजारासाठी दारात पोलीस येतो आणि कोर्टाचा कागद निघतो, तो आजार कुठलं घर शेजाऱ्याला सांगेल? मुलीचं लग्न जमवताना कोण त्याचा उच्चार करेल? 'तो मामाकडे असतो', 'तिची तब्येत नाजूक आहे' ही घराघरांतली ठरलेली वाक्यं इथून आली, असं मला वाटतं. पुढे 'वेड्यांचं इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आलं, पण भिंतीची उंची तीच राहिली.

एक बदल मात्र गाजावाजा न होता झाला. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे साध्या रुग्णालयात, मनोविकारांसाठी सोय झाली. केसपेपर काढून इतर आजाऱ्यांच्या रांगेत बसता येणं ही त्या काळी किती मोठी सुटका असेल! 'डोकं दुखतं म्हणून दाखवायला चाललोय' असं सांगून घराबाहेर पडता येऊ लागलं. आजही पहिली पायरी अनेकांसाठी हीच असते.

दुसरी गाठ भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ ची होती. जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात शिक्षा क्वचित होई. कलमाचं खरं नुकसान दिसायचं ते सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. रात्री दोन वाजता माणूस आणलाय, नर्स वहीत 'एमएलसी' (म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस) लिहायला घेते, चौकीवर कळवणं भाग आहे, आणि भाऊ डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हणतो, 'साहेब, चुकून झालं असं लिहा ना.' डॉक्टरांनाही दया येते. कागदावर अपघात चढतो. माणूस वाचतो, चार दिवसांनी घरी जातो, आणि ज्या वेदनेने त्याला तिथवर आणलं तिच्याबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही, कारण कागदावर ती वेदना नाहीच. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणार तरी कशाच्या आधारावर?

या कलमाला मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला. मुंबई पोलीस दलातला एक शिपाई अपघातानंतर मानसिक आजाराने ग्रासला होता. पत्नीच्या भाजीच्या दुकानाच्या परवान्यासाठी पालिकेत खेटे घालून हताश झाल्यावर त्याने तिथेच जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते, असा त्या निकालाचा रोख होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही याच बाजूने गेलं, पण १९९६ मध्ये ग्यानकौर खटल्यात घटनापीठाने कलम पुन्हा जिवंत केलं. कॅज्युअल्टीतली कुजबुज आणखी वीस वर्षं चालू राहिली.

१९८६ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात राहावं. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था सुरू केली. आणि २९ ऑगस्टला पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उघडलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे, हे तिथे रोजच्या वागण्यातून दाखवलं गेलं. ज्या आवाराचं नाव घेऊन लोक टोमणे मारायचे, त्याच आवारात माणसं बरी होण्यासाठी आपल्या पायांनी चालत जाऊ लागली.

ठाण्याचंही तसंच झालं. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिथे 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. रोगाऐवजी आरोग्याबद्दल बोलायचं, हा बदल दिसायला छोटा आहे, पण त्याने शाळांची आणि पालकांची दारं उघडली. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मनोविकार, होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात त्यांनी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली आणि 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही तेच होते. तो पाहून कितीतरी कुटुंबांना आपल्या घरात काय चाललंय याचं नाव पहिल्यांदा कळलं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवतात. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोव्यात 'संगत' संस्थेने गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाला बसवलं आणि नैराश्यावर त्याचा उपयोग होतो हे रीतसर चाचण्यांनी सिद्ध केलं. याची निकड किती आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसतं: निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

कायदा अखेर २०१७ मध्ये वळला. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. उलट तिला उपचार, काळजी आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. याच कायद्याने साखळ्यांवर बंदी आणली आणि विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ३०९ चं जुनं कलम गेलं. सरकारी नोकराच्या कामात दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. त्या मुंबईच्या शिपायाची गोष्ट आठवली की ही फट मला अस्वस्थ करते.

म्हणजे आज कॅज्युअल्टीत भावाला खरं सांगता येतं. पण हे त्याला माहीत हवं, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ हा नंबर लावायचा, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज पडली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. फोन आजाऱ्यानेच करायला हवा असं नाही, काळजीत पडलेली बहीण, मित्र, रूममेटही करू शकतो. जवळचं कुणी 'आता काही अर्थ नाही' अशा भाषेत बोलू लागलं, तर 'जीव द्यावासा वाटतोय का रे?' असं सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, बहुतेकदा उलट मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नये, इजा होईल असं घरात जे असेल ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावं आणि त्याच्याजवळ बसूनच १४४१६ लावावा. धोका अगदी समोर असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी. तिथे वहीत काय लिहायचं असं विचारलं, तर जे झालं तेच सांगावं.