तिपाझाची राजसमाधी: खजिन्याच्या शोधात झालेली हानी

अल्जीरियात, अल्जिअर्सच्या पश्चिमेला तिपाझाजवळच्या टेकडीवर एक प्रचंड गोल दगडी वास्तू उभी आहे. समुद्रातूनही ती दिसते. व्यास सुमारे ६० मीटर, भोवती भिंतीत अर्धे बसवलेले ६० आयोनिक (ग्रीक शैलीतले) स्तंभ आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला शंकू. चार दिशांना चार दारे कोरली आहेत, पण ती चारही खोटी. त्यांवरच्या नक्षीत लोकांना क्रूस दिसला आणि ही एका ख्रिस्ती स्त्रीची कबर असल्याचा समज रूढ झाला.

प्रत्यक्षात ही मॉरेटेनिया या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन राज्याच्या राजघराण्याची समाधी आहे. राजा दुसरा जुबा आणि राणी क्लिओपात्रा सेलेनी यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. सेलेनी ही इजिप्तची क्लिओपात्रा आणि मार्क अँटनी यांची मुलगी. जुबाला लहानपणी सीझरच्या विजययात्रेत रोमभर मिरवले होते, पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या विजययात्रेत तसेच सेलेनीलाही. दोघे रोममध्येच वाढले. इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टसने जुबाला मॉरेटेनियाचे राज्य दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला भूगोलकार पोम्पोनिअस मेला मात्र हिला राजघराण्याची सामाईक समाधी म्हणतो, कोणा एकाची नव्हे. त्याचे शब्द अधिक भरवशाचे वाटतात.

स्तंभ ग्रीक धाटणीचे असले तरी कल्पना इथल्या मातीतलीच. मृतावर दगडांचा गोल ढीग रचण्याची अमाझिग, म्हणजे बर्बर, लोकांची प्रथा फार जुनी. अल्जीरियातच बातनाजवळची मेद्रासेन ही न्युमिडिया या शेजारच्या प्राचीन राज्याची राजसमाधी याच घडणीची आणि काही शतके आधीची. तिच्यातले देवदाराचे वासे आजवर टिकले आहेत.

तिपाझाच्या समाधीला काळापेक्षा माणसाच्या हावेचा त्रास अधिक झाला. आत खजिना आहे या समजुतीने १५५५ मध्ये अल्जिअर्सचा पाशा सालाह रईस याने ती फोडायला माणसे लावली. अठराव्या शतकात अल्जिअर्सचाच शासक बाबा मोहम्मद बेन उस्मान याने तोफा डागल्या. तरी वाट सापडली नाही. अखेर फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या आदेशावरून बर्ब्रुगर आणि मॅकार्थी या संशोधकांनी १८६५-६६ मध्ये शोध घेतला, तेव्हा खरा प्रवेश पूर्वेच्या खोट्या दाराखाली निघाला. आत सिंह-सिंहिणीची शिल्पे, वळत जाणारा लांबलचक बोगदा आणि मधोमध दोन कमानदार दालने. दोन्ही रिकामी. चोर कधीच येऊन गेले होते, मग तोफांनी फोडलेला दगड कशासाठी गेला?

१९८२ मध्ये तिपाझा या प्राचीन नगराच्या अवशेषांबरोबर ही समाधीही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. नासधूस, चोऱ्या, कचरा आणि देखभालीचा अभाव यांमुळे २००२ मध्ये हे संपूर्ण स्थळ युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. २००६ मध्ये त्यातून बाहेर आले. मेद्रासेन त्याच २००२ पासून संभाव्य यादीत, म्हणजे जागतिक वारशासाठी सुचवलेल्या स्थळांत, आहे. जुनेपण आणि दुर्मीळता पाहता तिला कायमचे संरक्षण आधी मिळायला हवे होते.