बायबलवाचन, दैनिक

पवित्र शास्त्राचा नेमलेला भाग दररोज वाचणे किंवा ऐकणे आणि त्यावर प्रार्थनापूर्वक मनन करणे, हा ख्रिस्ती जीवनातील एक नित्यनियम. परमेश्वर आपल्या वचनातून आजही बोलतो, या श्रद्धेवर तो उभा आहे. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, या अर्थाचे, जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले (८:३) वचन येशूने सैतानाने घेतलेल्या परीक्षेच्या वेळी उच्चारले (मत्तय ४:४). रोजच्या अन्नाशी वचनाची सांगड घालणारी सगळी ख्रिस्ती शिकवण याच वचनाकडे वळते.

प्रथेची मुळे यहुदी धर्माचरणात आहेत. निजताना व उठताना परमेश्वराच्या आज्ञांविषयी बोलत राहावे, असे अनुवाद ६:७ सांगते. यहोशवा १:८ आणि स्तोत्र १:२ येथे रात्रंदिवस ‘मनन’ करण्याचा उल्लेख आहे. तेथील मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’ याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा होतो. यशयाच्या ग्रंथात ते भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (३१:४) आणि कबुतराच्या घुमण्यासाठीही (३८:१४) आले आहे. मुळातले मनन असे ओठांवरचे होते. मराठीतील ‘घोकणे’ त्याला बरेच जवळचे आहे, मात्र घोकंपट्टीची छटा तेवढी बाजूला ठेवावी लागते. नव्या करारात बिरुया येथील यहुद्यांची प्रशंसा आहे, कारण पौलाचे म्हणणे खरे आहे की नाही हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत (प्रेषितांची कृत्ये १७:११). येथील ग्रीक क्रियापद न्यायालयीन चौकशीचे असून, रोमन सुभेदार पिलाताने केलेल्या येशूच्या तपासणीसाठी लूकने तेच योजले आहे (२३:१४). ग्रंथाच्या गुंडाळ्या महाग असल्याने हा शोध बहुधा सभास्थानात, एकत्र बसून होत असावा.

घरी, एकट्याने वाचण्याची रीत केव्हा रूढ झाली, याविषयी मतभेद आहेत. आरंभीच्या चर्चमध्ये खाजगी वाचन मोकळेपणाने व बऱ्याच प्रमाणात चालत असे, असे जर्मन चर्चइतिहासकार आडोल्फ फोन हार्नाक यांनी १९१२ मध्ये प्रतिपादले. उलट हॅरी गॅम्बल यांच्या १९९५ मधील अभ्यासानुसार त्या काळी साक्षरतेचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर क्वचितच गेले असेल, त्यामुळे बहुतेक विश्वासणाऱ्यांना शास्त्र ऐकूनच ठाऊक होते. या वादात ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथाचा पुरावा वारंवार पुढे येतो. ज्या दिवशी धर्मशिक्षण नसेल, त्या दिवशी प्रत्येकाने घरीच पवित्र पुस्तक घेऊन पुरेसे वाचावे, असा निर्देश त्यात आहे. हा ग्रंथ पूर्वी रोमच्या हिप्पोलितसचा व तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा मानला जाई. परंतु त्याची मूळ ग्रीक संहिता जवळजवळ लुप्त असून लॅटिन, कॉप्टिक, अरबी व इथिओपिक भाषांतरांवरच मुख्यतः विसंबावे लागते. वेगवेगळ्या काळांतील थर त्यात मिसळले असावेत, हे अलीकडचे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्यामुळे या निर्देशाला निश्चित साल जोडणे धाडसाचे ठरेल. रोजचा नेम जुना आणि एकांतातले मूकवाचन त्यामानाने नंतरचे, एवढे मात्र उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम याने अंत्युखियातील प्रवचनांतून गृहस्थांच्या वाचनाचा हिरिरीने पुरस्कार केला. ‘मी काही संन्यासी नाही, मला बायकामुले आहेत,’ अशी सबब सांगणाऱ्यांना तो उत्तर देई, की संसारात रोज घाव सोसणाऱ्यालाच या औषधाची अधिक गरज आहे. लोहार उपाशी राहील, पण हातोडा आणि ऐरण विकणार नाही; तशी प्रेषितांची व संदेष्ट्यांची पुस्तके ही आपली हत्यारे होत, हा त्याचा दृष्टांत आजही ताजा वाटतो. मठांमध्ये बेनेडिक्टच्या नियमावलीने (सहावे शतक) वाचनासाठी तास राखून ठेवले आणि १५० स्तोत्रे आठवड्यात पूर्ण करण्याची व्यवस्था लावली. बाराव्या शतकात कार्थुसियन संन्यासी दुसरा गिगो याने वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली.

‘रोज एक अध्याय’ हे आजचे सर्वपरिचित माप प्राचीनांना ठाऊक नव्हते. प्रचलित अध्यायविभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टनला दिले जाते. नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएनच्या १५५१ च्या आवृत्तीपासूनचे आहेत. मुद्रणकला आणि लोकभाषांतील भाषांतरे यांमुळे ग्रंथ घराघरांत पोहोचला. तत्पूर्वी काही ठिकाणी निर्बंधही होते. तुलूझच्या १२२९ च्या धर्मसभेने सामान्यजनांना, स्तोत्रसंहिता व प्रार्थनापुस्तके वगळता, बायबलचे ग्रंथ बाळगण्यास मनाई केली होती. इंग्लंडमध्ये १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने स्तोत्रसंहिता दरमहा, जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षातून एकदा आणि ‘प्रकटीकरण’ हे पुस्तक सोडून नवा करार तीनदा वाचण्याचा क्रम घालून दिला. जर्मनीतील हेर्नहूट येथे १७२८ पासून मोरावियन बंधुमंडळात रोजचे एक वचन घरोघरी सांगितले जाऊ लागले. १७३१ पासून ही वचने वर्षभरासाठी आगाऊ छापली जात आली आहेत.

प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार वाचल्यास ते वर्षात संपते. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरी मक्चेन याने १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी रोज सुमारे चार अध्यायांचे कोष्टक तयार केले. त्यात जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रे दोनदा होतात. कोष्टकासोबत त्याने धोकेही सांगितले: वाचन केवळ उपचार होणे, त्याचा अभिमान वाटणे, निष्काळजीपणे वाचणे आणि नेमाचे ओझे होणे. कोष्टकाइतकेच हे इशारे मोलाचे आहेत. चुकलेले दिवस भरून काढण्याच्या घाईत मनन हरवते, हा अनेकांचा अनुभव आहे.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत स्तोत्रसंहितेचे २० भाग पाडून ती वाचली जाते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या, ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्र वाचण्याचे आवाहन केले. शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान, हे बायबलचा प्राचीन लॅटिन भाषांतरकार जेरोम याचे मत तेथे उद्धृत केले असून, वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असेही त्यात म्हटले आहे.