बीएसीपी अ‍ॅक्रेडिटेशन: ऑनलाइन तास आणि सुपरव्हिजन कुठे अडतं

ब्रिटनमध्ये ‘समुपदेशक’ ही पदवी कायद्याने राखीव नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे कामावर घेणाऱ्या संस्था ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी, म्हणजे बीएसीपीच्या मान्यतेकडे बघतात. बीएसीपीच्या रजिस्टरवर नाव असणं ही पहिली पायरी. मान्यताप्राप्त कोर्स किंवा ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी’ ही परीक्षा, यांपैकी एका वाटेने ती होते. अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाला मिळणारी वरची मान्यता, हा त्यानंतरचा वेगळा अर्ज आहे. रजिस्टरवर आलो म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड झालो, असं समजून स्वतःच्या प्रोफाइलवर तसं लिहू नका. ती थेट आचारसंहितेची तक्रार होते.

क्लायंटबरोबर ऑनलाइन घालवलेले तास या अर्जात धरतात का? धरतात. सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी समुपदेशकाशी नियमित होणारी चर्चा, व्हिडिओवरची किंवा फोनवरची असली तरी धरतात. अर्ज अडतो तो माध्यमामुळे क्वचितच. बहुतेक वेळा हिशेबामुळे.

हिशेबात 450 हा आकडा दोनदा येतो आणि तिथेच पहिला घोळ होतो. एक 450 प्रशिक्षणाचे: शिक्षकांसमोर घालवलेले तास, पूर्णवेळ असेल तर किमान एक वर्ष आणि अर्धवेळ असेल तर किमान दोन वर्षांत. दुसरे 450 क्लायंटबरोबरच्या, सुपरव्हिजनखालच्या कामाचे. ते तीन ते सहा वर्षांच्या काळात झालेले हवेत आणि त्यांतले किमान 150 कोर्स पूर्ण झाल्यानंतरचे हवेत. ‘तीन ते सहा’चा अर्थ नीट घ्या. दोन वर्षांत 450 तास उरकले तरी तीन वर्षं भरायची थांबावंच लागतं. उलट मोजलेला काळ सहा वर्षांपेक्षा लांबत असेल तर प्लेसमेंटचे, म्हणजे शिकतानाच्या सरावाचे, सुरुवातीचे तास या खिडकीबाहेर जातात. ते मोजून 450 भरत असतील तर भरले नाहीत. तीन वर्षांचा हिशेब केला तर आठवड्याला साधारण तीन क्लायंट पडतात, म्हणजे काम जड नाही, फक्त नोंद सलग हवी. न आलेल्या क्लायंटची वाट पाहण्यात गेलेला तास धरू नका, ऑनलाइन वेटिंग रूममध्ये बसून घालवलेला असला तरी.

सर्वांत जास्त पाणी मुरतं ते सुपरव्हिजनमध्ये. ज्या महिन्यात क्लायंट पाहिले त्या प्रत्येक महिन्यात दीड तास, असा नियम आहे. वर्षाचे अठरा तास कसेही भरले की झालं, असं नाही. ऑगस्टमध्ये सुपरव्हायझर सुट्टीवर होते म्हणून सप्टेंबरमध्ये तीन तास घेतले, तर ऑगस्ट रिकामाच राहतो. सुट्टी असेल तर आधीच बदली सुपरव्हायझर ठरवा, किंवा त्या महिन्यात तुम्हीही क्लायंट घेऊ नका.

ऑनलाइन ग्रुप सुपरव्हिजन स्वस्त पडतं, म्हणून बरेच जण तेच धरतात, आणि इथे गणित फसवं आहे. गट चार किंवा त्याहून कमी जणांचा असेल तर प्रत्येकाला सत्राच्या निम्मा वेळ मिळतो. पाच किंवा जास्त असतील तर एकूण वेळ माणसांच्या संख्येने भागायचा. दोन तासांच्या चौघांच्या गटात तुमच्या खात्यावर एक तास पडतो. पाचवा माणूस आला की तोच वेळ चोवीस मिनिटांवर येतो. एका माणसाने छत्तीस मिनिटं कशी खाल्ली, हे विचारण्यात अर्थ नाही, नियम तसा आहे. म्हणून ग्रुपची उपस्थिती दर वेळी लिहून ठेवा. ऑनलाइन गटात लोक येत-जात असतात आणि वर्षाने ‘आपण चारच होतो ना?’ याची खात्री कोणी देत नाही.

ज्या कागदासाठी सगळे शेवटी धावतात तो जुन्या सुपरव्हायझरचा दाखला. अर्जाबरोबर सध्याच्या सुपरव्हायझरचा अहवाल लागतो, पण तीन-चार वर्षांत सुपरव्हायझर बदललेला असतो, निवृत्त झालेला असतो, ईमेल बंद असतो. बदलताना त्याच दिवशी एक सही घ्या: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, एकट्याने किती तास, गटात किती आणि गटात किती जण. दहा मिनिटांचं काम आहे, नंतर मात्र कित्येक आठवडे खातं.

ईमेल किंवा चॅटवरचं समुपदेशन करत असाल तर आणखी एक पायरी. तिथे सत्र सुरू आणि बंद होण्याची वेळ आपोआप नोंदली जात नाही. क्लायंटबरोबरच्या करारातच ‘एका पत्राचं वाचन आणि उत्तर यासाठी इतका वेळ’ असं ठरवा, वहीत तेच लिहा आणि हे तास मोजणार आहात का, हे अर्जाआधी बीएसीपीला लेखी विचारा. तोंडी उत्तराचा उपयोग नाही.

अर्जात केसबद्दल जे लिहावं लागतं, त्यात ‘मी झूम वापरतो’ एवढ्याने काम भागत नाही. पडद्याआड माणूस लवकर आणि जास्त मोकळा होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये यावर लिहिलं होतं. तुमच्या केसमध्ये हे कुठे दिसलं आणि ते सुपरव्हिजनमध्ये कसं हाताळलं, ते दाखवा. सत्राच्या सुरुवातीला क्लायंट नेमका कुठे आहे हे विचारता का, घरात कोणी ऐकत आहे का, कनेक्शन तुटलं तर काय, संकटात कोणाला फोन करायचा, हेही त्यात यायला हवं. क्लायंट परदेशात बसला असेल तर तिथला कायदा लागू होऊ शकतो, आणि ब्रिटनमधल्या अनेक विमा पॉलिसी अमेरिका-कॅनडातल्या क्लायंटला वगळतात. ते तास लिहिण्याआधी पॉलिसी उघडून वाचा.

सततचं प्रशिक्षण, फी, फॉर्म ही बाकीची कामं सरळ आहेत. क्लायंटची माहिती संगणकावर ठेवत असाल तर आयसीओकडे, म्हणजे ब्रिटनच्या डेटा संरक्षण नियामकाकडे, डेटा संरक्षण शुल्क भरणं हे अ‍ॅक्रेडिटेशनचा भाग नाही, कायद्याचा आहे, पण अनेकांना ते आठवतच नाही. सध्या स्कोपेड या, समुपदेशन संस्थांनी मिळून ठरवलेल्या प्रशिक्षण आणि कामाच्या निकषांच्या आराखड्यामुळे सदस्यत्वाचे वर्ग बदलत आहेत. मित्राने पाठवलेली जुनी पीडीएफ पाहून अर्ज भरू नका, बीएसीपीच्या साइटवरून अर्जाच्या आठवड्यातलीच मार्गदर्शिका उतरवून घ्या.