वाहन दुरुस्ती कामगारांची कंबरदुखी : प्रतिबंध (गोवा)

दुचाकी, मोटारगाडी, बस आणि ट्रक दुरुस्त करणाऱ्यांना कामातून जडणारी कंबरदुखी, आणि ती टाळण्यासाठी गॅरेजची मांडणी, हत्यारे व कामाची रीत यांत करायचे बदल. गॅरेजात या दुखण्याला ‘उसण भरली’ किंवा ‘कंबर धरली’ एवढेच म्हणतात. बाम चोळतात आणि काम पुढे चालू राहते. कंबरदुखी हे जगभर अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण असून २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोक तिने त्रस्त होते. मेकॅनिककडे ती मुख्यतः दोन वाटांनी येते : बराच वेळ वाकून राहणे आणि अंगापासून लांब असलेले वजन उचलणे. त्यामुळे माणसाने गाडीपर्यंत वाकण्यापेक्षा गाडीच माणसाच्या हातापर्यंत वर आणणे, हा प्रतिबंधाचा गाभा आहे. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामधल्या चकत्या भार पेलतात. सर्वांत खालच्या दोन चकत्यांवर ताण अधिक येतो. चकती सरकून पायात कळ जाण्याचा प्रकार, म्हणजे सायटिका, बहुधा तिथेच उद्भवतो. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकापासून जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. ताठ उभे असतानाचा दाब १०० धरला, तर उताणे निजल्यावर तो २५ भरतो, उभ्याने पुढे वाकल्यावर १५० आणि वाकून हातात वजन घेतल्यावर २२०. पुढच्या मोजमापांत बसण्याविषयीचे आकडे बदलले. वाकून वजन घेणे वाईट, हा निष्कर्ष मात्र टिकला.

बोनेटखाली अर्धा तास डोके घालून काम केले की मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात आणि सरळ उभे राहिल्याबरोबर ते पूर्ववत होत नाहीत. नेमक्या त्याच वेळी ‘जरा बॅटरी धर रे’ अशी हाक येते आणि मेकॅनिक ती हिसका देऊन उचलतो. उसण भरते ती अशा वेळी. वाकून झाल्यावर दोन-चार मिनिटे उभ्याने फिरावे, पाणी प्यावे आणि मगच वजनाला हात घालावा.

वजन किती, यापेक्षा ते अंगापासून किती लांब आहे हे महत्त्वाचे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९१च्या सुधारित सूत्रात सर्व काही अनुकूल असताना उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. त्यात वजन घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत असावे लागते. अंतर ५० सेंटिमीटर झाले की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. कंबर पिळली किंवा जमिनीवरून उचलले तर आणखी खाली. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याला, टेकवून बसवलेली मोटारीची बॅटरी काढताना हात लांबवावेच लागतात, म्हणून ती उचलण्यापूर्वी कडेपर्यंत ओढून आणावी. इंजिन ऑइलचा वीस लिटरचा डबा सतरा-अठरा किलोंचा भरतो. तो जमिनीवर न ठेवता मांडीच्या उंचीच्या फळीवर ठेवला तरी बरेच साधते. हे सूत्र उभ्याने, दोन्ही हातांनी उचलण्यापुरतेच आहे. गाडीखाली निजून किंवा गुडघ्यांवर बसून केलेल्या कामाला ते लागू पडत नाही, म्हणजे मेकॅनिकच्या बऱ्याचशा दिवसाला ते निरुपयोगीच आहे.

गोव्यात दुचाक्या अमाप, आणि त्यांत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या स्कूटरींची भर. म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या छोट्या गॅरेजांत या गाड्या जमिनीवरच स्टँडला लावून दुरुस्त होतात. मेकॅनिक उकिडवा किंवा एखाद्या चिऱ्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यावर, बसतो, गुडघे छातीशी, कंबर गोल, मान खाली. पायाने दाबून वर घ्यायचा हायड्रॉलिक टेबल आला की हे सारे चित्र पालटते : चाकाचा आस पोटाच्या उंचीला येतो आणि पाठ सरळ राहते. टेबल परवडत नसेल तर चिऱ्यांचा मांडीइतका उंच कट्टा बांधून त्याला उतरती फळी लावता येते. मात्र शंभर किलोंची स्कूटर एकट्याने फळीवरून ढकलू नये; एकाने हँडल धरावे, दुसऱ्याने मागून रेटावे. तेही जमत नसेल तर निदान चिऱ्याऐवजी चाकांचे बुटके स्टूल वापरावे. त्यामुळे उकिडव्यानेच अंग पिळून पान्यापर्यंत पोहोचणे तरी थांबते.

चारचाकीसाठी रॅम्प, दोन खांबांची लिफ्ट किंवा खड्डा. खड्ड्याची खोली आत उभ्या राहणाऱ्याच्या उंचीला साजेशी हवी. फार खोल असेल तर हात सतत डोक्यावर राहतात, उथळ असेल तर मान वाकडी होते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. सखल जागच्या खड्ड्यांत तेव्हा पाणी साठते आणि काम पुन्हा जमिनीवर निजून, जॅक लावून सुरू होते. अशा वेळी चाकांची फळी बरी, पण तिला गुळगुळीत कोबा लागतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधाराला चिरा लावण्याची सवय तर धोक्याचीच. जांभा दगड एका बिंदूवर भार आला की फुटतो, आणि तिथे प्रश्न केवळ कंबरेचा उरत नाही. आधाराला लोखंडी घोडी, म्हणजे स्टँडच, लावावी.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेचा कंबरेशी थेट संबंध आहे. नट गंजून जाम होतात, पान्याला पाइप लावून झटका द्यावा लागतो, नट अचानक सुटतो आणि सगळा हिसका कंबरेत उतरतो. आदल्या रात्री गंजउतार तेल सोडून ठेवणे, हवेवर चालणारी गन वापरणे आणि पान्यावर जोर देताना एक पाय पुढे टाकून अंगाचे वजन वापरणे, एवढे केले तरी हिसके कमी होतात. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कितीतरी टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, महिनोन्‌महिने उभे राहिले. उभ्या गाडीचे नट चालत्या गाडीपेक्षा जास्त छळतात. ट्रकचे रिमसकट चाक शंभर किलोंच्या आसपास असते. ते उचलायचेच नसते, गडगडवत न्यायचे आणि टॉमीने (लोखंडी कांबीने) किंवा चाकाच्या ट्रॉलीने बसवायचे. गिअरबॉक्स आणि इंजिनासाठी चेनपुली हवीच. सगळ्यात नव्या पोराकडून सगळ्यात जड ओझी उचलून घेण्याची रीत जुनी असली तरी त्याच्या कंबरेला ती महागात पडते.

कमरपट्ट्यावर गॅरेजवाल्यांचा फार विश्वास असतो. तो अनाठायी आहे. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक दुकान-कामगारांच्या पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, पट्ट्याने कंबरदुखी कमी झाल्याचे आढळले नाही. ‘गुडघे वाकवून उचला’ असे नुसते शिकवण्याचाही परिणाम दिसत नाही, कारण गाडीच्या आत गुडघे वाकवायला जागा कुठे असते? नियमित व्यायाम आणि सोबत माहिती यांचा उपयोग मात्र २०१६च्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट दिसला : कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. गोव्यात दुपारी शटर ओढून जेवून आडवे होण्याची जी प्रथा आहे, तिच्यावर बाहेरचे लोक हसतात. चकतीवरचा दाब निजल्याने पाव होतो हे पाहता ती मोडण्याचे काही कारण नाही.

कंबर धरल्यावर दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहू नये. सोसेल तेवढी हालचाल ठेवावी. पायातली ताकद जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे इस्पितळ गाठावे.

कायद्याची बाजू पातळ आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३४व्या कलमाने इजा होण्याचा संभव असेल एवढे वजन कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. पण वीज वापरून दहा किंवा विजेशिवाय वीस वा अधिक कामगार असलेल्या जागाच मूळ व्याख्येत कारखाना ठरत, आणि मालक व दोन-तीन पोरे एवढ्यांवर चालणारे गॅरेज तिच्या बाहेरच राहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कमाल वजनाविषयीचा १९६७चा करार भारताने २०१०मध्ये मान्य केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा आहे. २३ किलोंच्या सूत्राशी ताडून पाहता ती फारच सैल म्हणावी लागते.