स्फिंक्स ३.४.३: हा आकडा आला कुठून?

लिनक्स कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) डॉक्युमेंटेशन बिल्ड करायला आता किमान स्फिंक्स, म्हणजे साध्या मजकुरातून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल, ३.४.३ आणि पायथन ३.९ लागतं. २०२५ मध्ये ही अट आल्यापासून, हिंजवडी-खराडीत जिथे क्लायंटच्या जुन्या सर्व्हरवर काम चालतं, तिथे पहिला प्रश्न असतो: सरळ ३.० का नाही ठेवलं?

स्फिंक्स मुळात पायथनच्या घरचं. गेऑर्ग ब्रांडल यांनी २००८ मध्ये पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी ते आणलं. तोवर तिथे लाटेक ही मजकूर मांडायची पद्धत चालायची. कर्नलने डॉकबुक ही आधीची पद्धत सोडून स्फिंक्स धरलं ते २०१६ मध्ये, ४.८ आवृत्तीपासून. किमान अट एकेकाळी १.३ होती, पुढे १.७ झाली, मग २.४.४. स्फिंक्सने २.० पासून, म्हणजे २०१९ मध्येच, पायथन २ ला रामराम ठोकला होता.

खरी मेख आहे ३.० मध्ये. एप्रिल २०२० च्या त्या आवृत्तीत सी भाषेचा भाग नव्याने लिहिला गेला. आधी स्ट्रक्टसाठीसुद्धा (सी मधला डेटाचा गट) 'सी:टाइप' लिहायचं. आता 'सी:स्ट्रक्ट', 'सी:एनम' असे वेगळे निर्देश आले. कोडमधल्या कॉमेंटमधून मजकूर काढणाऱ्या कर्नल-डॉक स्क्रिप्टला त्यामुळे समोर कोणतं स्फिंक्स आहे ते बघून दोन तऱ्हांनी लिहावं लागायचं. दुरुस्ती केली की दोन्हींवर तपासायची. जुन्या आवृत्तीवर बिल्ड करणारे मूठभर, त्यांच्यापायी हा भुर्दंड कोड सांभाळणाऱ्या मोजक्या मेंटेनरांवर. मला विचाराल तर ही अट उशिराच आली.

३.० वर न थांबता ३.४.३ का, हे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वापरायला तयार आवृत्त्या, बघितले की उलगडतं. ऑगस्ट २०२१ च्या डेबियन ११ मध्ये हेच स्फिंक्स आणि पायथन ३.९ मिळतं, रेड हॅट ९ चं मूळ पायथनही ३.९ च. पॅकेज मॅनेजरमधून आयतं मिळेल तेवढंच मागायचं, असा हा हिशोब.

अडचण होते ती सेंटओएस ७ या जुन्या डिस्ट्रोवाल्यांची. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी अशी मशीन अजून धडधडताहेत आणि त्यांचं मूळ पायथन २.७! अर्थात नुसता कर्नल कंपाइल करायला स्फिंक्स लागतच नाही, त्यामुळे घाईघाईने अख्खा सर्व्हर अपग्रेड करायचं कारण नाही. डॉक्युमेंटेशनचं बिल्ड तेवढं कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, हलवलं तरी भागतं.