चाळिशीतली 'मुलं' आणि शेरेबुक

आमच्या इमारतीतल्या काकांचा मुलगा 43 वर्षांचा आहे. मुंबईबाहेरच्या, प्रौढ मतिमंदांच्या एका निवासी संस्थेत राहतो. गेल्या वर्षी काकांसोबत मी तिथे गेलो होतो. अधीक्षक बाहेर गेले होते, म्हणून आम्ही कार्यालयात बसून राहिलो. समोर खिळ्याला सुतळीने शेरेबुक टांगलेलं होतं. शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येऊन गेले की हेडमास्तर जे जपून ठेवायचे, तेच. शेवटचा शेरा असा होता: 'आज रोजी संस्थेस भेट दिली. मुलांची उपस्थिती समाधानकारक. स्वच्छता ठीक. अभिलेख अद्ययावत ठेवावेत.' त्याच्या आधीचा शेरा 17 महिन्यांपूर्वीचा. सही वेगळी, मजकूर जवळपास तोच.

त्या दिवशी हजेरीपटावरचं सगळ्यात लहान 'मूल' 26 वर्षांचं होतं आणि सगळ्यात मोठं 58 वर्षांचं. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. शेरेबुकात त्याचा उल्लेख नव्हता, कारण तपासणीच्या छापील नमुन्यात कडीचा रकानाच नव्हता.

प्रौढ मतिमंद व्यक्तींच्या निवासाची तपासणी (कायद्याचा आजचा शब्द 'बौद्धिक दिव्यांग', पण घराघरांत अजून मतिमंद किंवा गतिमंदच म्हणतात) इतकी विसविशीत का, याचं उत्तर त्या अधिकाऱ्याच्या आळसात शोधलं तर अन्याय होईल. ते शंभर वर्षांच्या कायद्यांत आहे. आणि त्यातली गंमत, खरं तर गंमत नव्हेच, अशी की जुन्या, क्रूर वाटणाऱ्या कायद्यात तपासणीची तरतूद अधिक पक्की होती.

1912 च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यात 'ल्युनॅटिक' या शब्दाच्या व्याख्येतच 'इडियट' येत होता. म्हणजे मनाने आजारी माणूस आणि जन्मतः बुद्धीची वाढ कमी असलेला माणूस, दोघे एकाच पारड्यात. दोघांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होऊ शकायची. मुंबईकरांसाठी ते म्हणजे ठाण्याचं. 1901 सालचं. 'ठाण्याला पाठवा याला' ही आपल्याकडची थट्टा तिथूनच आली. त्या कायद्यात प्रत्येक इस्पितळाला किमान तीन अभ्यागत नेमणं बंधनकारक होतं. त्यांपैकी दोघांनी, ज्यांत एक डॉक्टर हवाच, महिन्यातून एकदा तरी एकत्र जाऊन इमारतीचा कोपरा न् कोपरा पाहायचा आणि वहीत शेरा लिहायचा. प्रत्यक्षात ते किती काटेकोर चालायचं हा वेगळा विषय. पण 'दर महिन्याला' हे शब्द कायद्यात होते.

दुसरा धागा मुलांच्या कायद्याचा. 1924 साली मुंबई इलाख्यात बालकांसाठी कायदा झाला, 1927 साली बालगृहं चालवणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली, आणि 1941 साली तिच्यातर्फे मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी निवासी गृह सुरू झालं. या प्रकारचं देशातलं पहिलं निवासी गृह म्हणून त्याचा उल्लेख होतो. तीन वर्षांनी, 1944 मध्ये, जय वकील आणि त्यांचे पती होर्मसजी यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने विशेष शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. या कामाला आपल्या शहरात सुरुवात झाली ती अशी: एक सरकारी वळणाचं बालगृह आणि एक आईबापांनी काढलेली शाळा. दोन्हीकडे समोर मूल होतं. ते मूल उद्या 40 वर्षांचं होईल हे कुणाला कळत नव्हतं असं नाही, पण त्यासाठी कुठल्याही कागदावर जागा ठेवली गेली नाही. मानखुर्दच्या गृहाचा उल्लेख सरकारी कागदात आणि बोलण्यातही 'एमडीसी (मेंटली डेफिशियंट चिल्ड्रेन) होम' असा होतो. त्यातलं शेवटचं अक्षर 'चिल्ड्रेन'चं. तिथे वाढलेली अनेक माणसं वय उलटल्यावरही तिथेच राहिली, कारण पाठवायचं कुठे?

1987 चा मानसिक आरोग्य कायदा आला तेव्हा व्याख्येतच लिहिलं गेलं की मनोरुग्ण म्हणजे मतिमंदत्व सोडून अन्य मानसिक विकारासाठी उपचारांची गरज असलेली व्यक्ती. हे योग्यच झालं. मतिमंदत्व हा आजार नाही, त्याला इस्पितळ नको, हे तोवर तज्ज्ञ आणि पालक दोघेही सांगून थकले होते. पण दर महिन्याला येणारे अभ्यागत मात्र इस्पितळातच राहिले, मनोरुग्णांसाठी. मतिमंद माणूस त्या दारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्यामागून तपासनीस बाहेर आला नाही. माझ्या मते ही सगळ्यात मोठी फट. पुढे जे झालं ते बरंचसं याच फटीतून झालं.

फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. त्यांना पाळी सांभाळता येत नाही, कपडे खराब होतात, सांभाळायला माणसं पुरत नाहीत. मुंबई-पुण्याच्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे वाद चालला. तेव्हा बऱ्याच सुशिक्षित घरांतून 'त्यात काय चुकलं?' असा सूर होता, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल. तपासणीच्या अंगाने पाहिलं तर प्रश्न सरळ होता. मावश्या किती, रात्रपाळीला कोण, पॅड आणि पाणी मिळतं का, हे आधी कुणी तपासलं असतं, तर शस्त्रक्रियेचा विचार सुचण्याआधी नोकरभरतीचा सुचला असता.

पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, अपंग व्यक्तींसाठीचा केंद्रीय कायदा झाला. अपंगांसाठी संस्था चालवायची तर नोंदणी प्रमाणपत्र हवं, हे त्यात आलं. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा खास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. त्यातून 18 वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या आल्या. 'घरौंदा'सारखी प्रौढांच्या कायम निवासाची योजनाही पुढे न्यासानेच काढली. पालकांना न्यासाचं नाव पाठ असतं ते मुख्यतः निरामय विमा आणि पालकत्वाच्या कागदासाठी.

दरम्यान आईबाप सरकारची वाट पाहत बसले नव्हते. 'आमच्या पश्चात याचं काय?' हा या घरांतला रोजचा प्रश्न. त्यातून पालकांनी स्वतःच घरं उभी केली. माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने बदलापूरला 'आधार' झालं, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' झालं. पत्ते पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. मुंबईत जागेला भाव इतका, की मुंबईची प्रौढ मुलं मुंबईबाहेर गेली: बदलापूर, डोंबिवली, पनवेल, कर्जत. साहजिकच तपासणीही जिल्ह्याबाहेर गेली. मुंबईत जिल्हा परिषद नसल्याने अपंगांच्या शाळा-कार्यशाळांचं काम वर्षानुवर्षं समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. ठाणे-रायगडात तेच जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे. बालगृह असेल तर आणखी वेगळं, महिला व बालविकास विभागाकडे. ट्रस्टचे हिशेब वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे. दादरला राहणाऱ्या आईला तक्रार करायची असेल तर आधी कुणाच्या टेबलावर जायचं, यातच तिचे दोन महिने जातात.

2010 साली ठाणे जिल्ह्यातल्या एका संस्थेतल्या मतिमंद मुलांच्या उपासमारीच्या आणि मृत्यूंच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या मतिमंद बालगृहांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेतले मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यात आरोपींना दोषी ठरवलं. शेरेबुकं या संस्थांमध्येही असणारच.

त्याच 2011 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातली मारहाण बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यातून जगाने पाहिली. तिथेही राहणारे बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ होते. आपल्यापेक्षा कितीतरी बांधीव तपासणी यंत्रणा तिथे होती. तिथल्या एका माजी नर्सने त्या यंत्रणेला आधीच कळवलंही होतं, आणि तरी कुणी हललं नाही. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. 'आपल्याकडेच असं चालतं' म्हणणाऱ्यांसाठी हे सांगतो, पण आपल्या बाजूने ढाल म्हणून नाही. इंग्लंडमधल्या तपासणी पथकांत आता अशा सेवांचा स्वतः अनुभव घेतलेली माणसंही जातात, त्यांत बौद्धिक अक्षमता असलेले लोकही असतात. आपल्याकडे तपासणीच्या दिवशी 'मुलांना' न्हाऊमाखू घालून, नवे टी-शर्ट चढवून रांगेत बसवतात, साहेबांना नमस्कार करायला लावतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

आता आजचे कायदे. दोन समोरासमोर ठेवले की फट उघडी दिसते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बालगृहाला तीन महिन्यांतून एकदा तरी किमान तिघांच्या पथकाने भेट द्यायची, त्यात एक स्त्री आणि एक डॉक्टर असलेच पाहिजेत. अहवाल आठवड्याच्या आत, त्यावर कार्यवाही महिन्याभरात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, अर्जावर 90 दिवसांत निर्णय घ्यायचा आहे, प्रमाणपत्र रद्द करायची सोयही आहे. पण त्या कायद्यात 'दर अमुक महिन्यांनी जाऊन पाहा' असं कलम नाही. कायद्यातल्या तरतुदी मोडल्या तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. म्हणजे एखादी मुलगी 17 वर्षं 11 महिन्यांची असेपर्यंत वर्षातून चार वेळा डॉक्टरसह पथक यायला बांधील. महिन्याभराने ती त्याच खाटेवर, त्याच चादरीवर झोपलेली असते, आणि तिच्यासाठी कुणी कधी यायचं हे कायदा सांगत नाही. तिचं मानसिक वय पाच-सहा वर्षांचं आहे असं तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते या वेळी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मंजुरी दिली. अशा सर्व संस्थांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख हवी, हे त्या करारातच आहे. अनुदान देणारा, मान्यता देणारा आणि तपासणारा विभाग एकच असेल तर तो स्वतंत्र कसा, हा प्रश्न तेव्हाचाच. 2022 अखेर महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग केला. तरीही संस्थेत येणारा अधिकारी पाहतो ते बव्हंशी अनुदानाच्या अंगाने: हजेरीपट, साठा नोंदवही, शिक्षकांची पात्रता, अग्निशमनाचा दाखला. त्रुटी काढतो, संस्था 'पूर्तता अहवाल' पाठवते, फाइल बंद. संस्थाचालकांचीही बाजू आहे. वर्षभर उशिरा येणारं अनुदान आणि तुटपुंज्या पगारावर न टिकणारे काळजीवाहक, हे शेऱ्यात कुणी लिहीत नाही.

काका दर महिन्याला जातात. वार ठरवत नाहीत, कळवत नाहीत, जेवणाच्या वेळेलाच पोचतात. मुलाची नखं बघतात, तळपाय बघतात, त्याची मान खाली वाकवून डोक्याची कातडी बघतात. पिशवीत घरचा वजनकाटा असतो, तो व्हरांड्यात ठेवतात. मुलाला काट्यावर उभं राहायला आवडतं. उतरायलाच तयार नसतो. वजन खिशातल्या डायरीत लिहितात: जानेवारी 61, फेब्रुवारी 61, मार्च 58. मार्चच्या पुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'जुनी मावशी सोडून गेली.' कडीबद्दल त्यांनी अधीक्षकांना तीनदा सांगितलं होतं. एप्रिलमध्ये गेले तेव्हा दादर स्टेशनबाहेरून 80 रुपयांची कडी आणि एक स्क्रू ड्रायव्हर सोबत घेऊन गेले.